सारथ्य कोणाचे?

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान विदर्भाच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांस परके वाटत नाही. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याला एका दिवसात विदर्भाची राजधानी गाठावयाची होती. बाहुक या नावाने त्याच्या पदरी राहिलेल्या नळाने दिसावयास कृश परंतु वेगवान असे घोडे निवडले आणि रथ हाकला. वाटेत राजाचे उत्तरीय गळून पडले. ते उचलून आणावे असे तो म्हणतो न म्हणतो तोच नळाने सांगितले की, ते एक योजन मागे राहिले. सायंकाळी रथ कुंडिनपुरात शिरला तेव्हा दमयंतीने सारथी पाहिलेला नव्हता. तिने केवळ रथाचा घोष ऐकला, आणि हा हात नळाचाच असला पाहिजे असे तिच्या मनाने घेतले.

रथ कोणाचाही असो, हाकणाऱ्याचा हात त्यात ओळखू येतो, ही समजूत फार जुनी आहे. आणि मोटारींच्या शर्यती आजही तिच्यावरच उभ्या आहेत. जिंकणारी मोटार एखाद्या कारखान्यात तयार होते, शेकडो इंजिनियर तिच्यासाठी रात्रीचा दिवस करतात, तरी जगज्जेता म्हणून नाव घेतले जाते ते एका माणसाचे. फॉर्म्युला वनमध्ये चालकांचे जगज्जेतेपद १९५० साली सुरू झाले. मोटार बांधणाऱ्यांसाठी वेगळे अजिंक्यपद आले ते १९५८ साली. मानाचा हा क्रम बोलका आहे. परंतु गेल्या चाळीस वर्षांत मोटारीत संगणक शिरला, आणि चालकाच्या हातापायांनी करावयाच्या कित्येक गोष्टी तो त्याच्याहून अचूक करू लागला. मग जिंकले कोण, हा प्रश्न उभा राहिला. हा प्रश्न अभियंत्यांनी निर्माण केला, पण तो सोडविण्याचे काम मात्र नियम लिहिणाऱ्यांच्या आणि नियमांचा अर्थ लावणाऱ्यांच्या अंगावर पडले. त्या खटपटीचा इतिहास कायद्याच्या अभ्यासकाला विशेष बोधप्रद वाटावा असा आहे.

आरंभीच्या मोटारीत चालकाला उसंत म्हणून नसे. इंजिनात ठिणगी केव्हा पडावी हे एका दांडीने ठरवावे लागे. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण हातानेच राखावे लागे. तेलही अनेक गाड्यांत हातपंपाने पोहोचवावे लागे. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोपर्यंत जाऊन परत येण्याची जी शर्यत झाली तीत एमिल लव्हासॉर याने सुमारे १,१७८ किलोमीटरचे अंतर ४८ तास ४८ मिनिटांत कापले, आणि तेही जवळजवळ सर्व वेळ स्वतः गाडी हाकून. तो सर्वांच्या कित्येक तास आधी पोहोचला; तरी पहिले पारितोषिक त्याला मिळाले नाही, कारण नियमाप्रमाणे गाडी चार आसनांची हवी होती आणि त्याची दोनच आसनांची होती. मोटार-शर्यतीच्या बाल्यावस्थेतच नियमाचे कलम आणि माणसाचा पराक्रम यांची अशी गाठ पडली.

त्या काळी चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसत असे. रथात जसे रथी आणि सारथी, तशी ही जोडी होती. मागून कोण येत आहे, टायर कसे आहेत, तेलाचा दाब किती आहे, हे पाहून सांगणे त्याचे काम. १९११ साली इंडियानापोलिसच्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून एकटाच बसून उतरला तेव्हा इतरांनी आक्षेप घेतला की, मागचे पाहणारा कोणी नसल्यामुळे हा सर्वांनाच धोका आहे. हॅरूनने गाडीवर एक आरसा बसविला आणि शर्यत जिंकली. त्या खडबडीत मार्गावर आरसा इतका हादरत होता की त्यात काही दिसतच नव्हते, असे त्याने पुढे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. १९२४ साली एका अपघातात असा मेकॅनिक ठार झाला, आणि १९२५ पासून ग्रां प्री शर्यतींत त्याला सोबत नेणे बंद झाले. चालक एकटा झाला तो येथे. ठिणगीची दांडीही पुढे नाहीशी झाली. ते काम यंत्र आपोआप करू लागले. तिच्यासाठी कोणी शोक केला नाही. तेव्हा चालकाचे काम कोणते आणि यंत्राचे कोणते, यांमधील रेषा काही अनादि नाही. प्रत्येक पिढीने ती थोडीथोडी सरकविलेली आहे.

ही रेषा सरकविताना चालकाचे काम नेहमी कमीच झाले असे नाही, कधी ते वाढलेही. टेक्सासच्या जिम हॉलने १९६६ साली आपल्या शॅपरल गाडीच्या पाठीवर उंच खांबांवर एक पंख बसविला. या गाडीला क्लच दाबावा लागत नसल्यामुळे चालकाचा डावा पाय मोकळा होता. सरळ रस्त्यावर त्या पायाने एक पेडल दाबले की पंख आडवा होई आणि हवेचा अडथळा घटे. वळण आले की पाय उचलावा, पंख पुन्हा तिरपा होऊन गाडी जमिनीशी दाबून धरी. यात विजेचा किंवा संगणकाचा संबंध नव्हता. यंत्राने एक नवी शक्ती दिली, पण ती केव्हा वापरावयाची हे चालकाच्या पायावर सोपविले. फॉर्म्युला वनच्या गाड्यांनी उंच पंखांचे अनुकरण केले. मात्र १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडून भयंकर अपघात झाले, आणि त्याच महिन्यात मोनॅको येथे असे पंख बंद करण्यात आले. हवेशी संबंध असलेला भाग हलता नसावा, हे तत्त्व नियमांत पक्के झाले. या तत्त्वाने पंचवीस वर्षांनी एक अनपेक्षित काम केले, ते पुढे येईल.

इलेक्ट्रॉनिक साधनांचा प्रवेश १९८० नंतरचा. लोटसने १९८३ साली ॲक्टिव्ह सस्पेन्शनचा प्रयोग केला. साध्या गाडीत स्प्रिंगा रस्त्याचा धक्का बसल्यावर दबतात. या योजनेत संवेदक गाडीची हालचाल मोजतात आणि संगणकाच्या आज्ञेने तेलाचा दाब प्रत्येक चाकाची उंची क्षणोक्षणी बदलतो. १९८७ साली आयर्टन सेनाने अशाच लोटसमधून मोनॅको आणि डेट्रॉइट येथील शर्यती जिंकल्या. १९८९ साली जॉन बर्नार्डने फेरारीला असा गिअरबॉक्स दिला की, चालकाने स्टिअरिंगवरून हात न काढता मागची पट्टी बोटाने ओढावी आणि गिअर बदलावा. नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये या गाडीची पहिलीच शर्यत जिंकली. त्यापाठोपाठ ट्रॅक्शन कंट्रोल आले. चालकाने ॲक्सिलरेटर गरजेपेक्षा अधिक दाबला की मागची चाके पकड सोडून गरगर फिरू लागतात. ती फिरू लागताच संगणकाने इंजिनाची शक्ती कमी करावयाची, ही त्यामागील योजना. उजव्या पायाच्या तळव्याला जे शहाणपण वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, ते आता एका डबीत भरून मिळू लागले. १९९२ साली विल्यम्सच्या गाडीत यांतील बहुतेक सर्व साधने एकत्र आली; मॅन्सेलने सोळांपैकी नऊ शर्यती जिंकल्या, आणि ऑगस्टमध्येच जगज्जेतेपद निश्चित झाले.

येथे घाई करून निकाल देऊ नये. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोन येथील पात्रता फेरीत मॅन्सेलने आपल्याच संघातील, तसलीच गाडी चालविणाऱ्या रिकार्डो पात्रेसेला जवळजवळ दोन सेकंदांनी मागे टाकले होते. संगणक दोघांनाही सारखाच उपलब्ध होता. तरी हातांतील फरक लपला नाही. १९९३ च्या एप्रिलमध्ये डॉनिंग्टनच्या पावसात सेनाने पहिल्याच फेरीत पाचव्या स्थानावरून पहिल्या स्थानावर मुसंडी मारली. मानवी कौशल्याचा परमोत्कर्ष म्हणून या फेरीचे दाखले दिले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या मॅक्लारेनमध्येही ॲक्टिव्ह सस्पेन्शन आणि ट्रॅक्शन कंट्रोल होते, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. साधन आले म्हणजे गुण मेला, असे समीकरण इतिहास मांडू देत नाही.

मग बंदी कशासाठी आली? एक कारण पैशाचे होते: अशा योजना श्रीमंत संघांनाच परवडत. दुसरे कारण तत्त्वाचे होते. जून १९९३ मध्ये मॉन्ट्रियल येथे महासंघाच्या तांत्रिक प्रतिनिधीने, चार्ली व्हायटिंगने, जवळजवळ सर्वच गाड्या नियमबाह्य असल्याचा अहवाल दिला. त्यातील युक्तिवाद वकिलाने कौतुकाने वाचावा असा आहे. ॲक्टिव्ह सस्पेन्शन गाडीची उंची बदलते. उंची बदलली की गाडीखालून वाहणाऱ्या हवेचा परिणाम बदलतो. म्हणून ते हवेशी संबंध असलेले हलते साधन ठरते, आणि असे साधन तर निषिद्ध आहे. ट्रॅक्शन कंट्रोलविषयी आक्षेप असा की, गाडीला पुढे नेणारी शक्ती सर्वकाळ चालकाच्या ताब्यात राहत नाही. पहिला युक्तिवाद शब्दावर उभा आहे, दुसरा तत्त्वावर. उंच पंखांसाठी केलेला नियम चाकांच्या स्प्रिंगांना लावणे म्हणजे कलम ताणणेच होते. मात्र शक्ती कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न विषयाच्या गाभ्याला हात घालणारा होता. पुष्कळ वादावादी झाली, त्या हंगामापुरती साधने राहू दिली गेली, आणि १९९४ पासून ती बंद झाली.

बंदीची किंमत काय, हेही त्याच वर्षी दिसले. शक्ती तीच ठेवून गाडी आवरणारी साधने काढून घेतली तर अपघात वाढतील, असा इशारा सेनाने हंगामाच्या आरंभी दिला होता. ३० एप्रिलला इमोला येथे रोलांड रात्झनबर्गर आणि १ मे रोजी स्वतः सेना मृत्यू पावला. या मृत्यूंचे कारण म्हणून केवळ साधनबंदीकडे बोट दाखविणे न्यायाचे होणार नाही. परंतु नियम बदलणाऱ्यांच्या अंगावर केवढी जबाबदारी असते, याची आठवण त्या दोन दिवसांनी कायमची करून दिली.

पुढचा प्रसंग पुराव्याच्या कायद्याचा आहे. इमोलानंतर महासंघाने लिव्हरपूलच्या एलडीआरए या कंपनीकडून प्रमुख संघांच्या संगणकांची तपासणी करविली. बेनेटन आणि मॅक्लारेन यांनी मूळ आज्ञावली वेळेवर दिली नाही म्हणून प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. बेनेटनच्या आज्ञावलीत, पडद्यावरील यादीत न दिसणाऱ्या तेराव्या पर्यायामागे, शर्यत सुटताना गाडी आपोआप वेग घेईल अशी योजना सापडली. ती जुनी असून वापरलेली नाही, असे संघाचे म्हणणे. ती वापरल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि त्या मुद्द्यावर शिक्षा झाली नाही. घरात चोरीचे हत्यार सापडले म्हणून चोरी सिद्ध होत नाही, हे न्यायाला धरूनच झाले. पण संशय मात्र मैदानातून गेला नाही. चाकाला लावलेला जादा तुकडा पंचाला डोळ्यांनी दिसतो. संगणकातील हजारो ओळींपैकी चार ओळी दिसत नाहीत. जे तपासता येत नाही त्याला मनाई करणारा नियम प्रामाणिकाला बांधतो आणि लबाडाला मोकळा सोडतो.

सात वर्षांनी महासंघाने हे मान्य केले. २९ एप्रिल २००१ च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून ट्रॅक्शन कंट्रोल आणि आपोआप सुटण्याची योजना पुन्हा खुली झाली. त्याच दिवशी मॅक्लारेनचा डेव्हिड कूल्टहार्ड शर्यतीपूर्वीच्या फेरीसाठी निघताना जागीच थांबला आणि त्याला सर्वांच्या मागून सुरुवात करावी लागली. संघाचे प्रमुख रॉन डेनिस यांनी हा चालकाच्या बुद्धीचा क्षणिक लोप असल्याचे जाहीरपणे सांगितले. मागाहून निष्पन्न झाले की, दोष नव्या इलेक्ट्रॉनिक योजनेचाच होता. साऱ्या वादाचे मर्म मला या लहानशा घटनेत दिसते. यंत्र निर्णय घेऊ लागले की यशाचा वाटा कोणाला द्यावा याची चर्चा सर्व करतात. पण अपयश आले की दोष माणसाच्या माथी मारण्याची सवय तशीच राहते. अधिकार एकाकडे आणि उत्तरदायित्व दुसऱ्याकडे, ही स्थिती कोणत्याही व्यवस्थेत अन्यायाचीच असते.

यातून सुटण्याचा मार्ग निघाला तो साधाच होता. २००४ पासून आपोआप सुटण्याची योजना व स्वयंचलित गिअर पुन्हा बंद झाले, आणि २००८ पासून सर्व संघांनी मॅक्लारेनच्या इलेक्ट्रॉनिक शाखेने तयार केलेला एकच नियंत्रक वापरावा असे ठरले. त्याबरोबर ट्रॅक्शन कंट्रोल गेले. प्रत्येकाच्या पेटीत चोर शोधीत बसण्यापेक्षा सर्वांना एकच पेटी द्यावी. बाजारात प्रत्येक दुकानदाराचा तराजू रोज तपासण्यापेक्षा शिक्का मारलेली वजने सर्वांना सक्तीची करावीत, तसेच हे झाले.

इलेक्ट्रॉनिक साधनांवर निर्बंध आले की चातुर्य चालकाच्या अवयवांकडे वळते, हे या इतिहासाचे मनोरंजक अंग आहे. १९९७ मध्ये मॅक्लारेनने ब्रेकचे आणखी एक पेडल बसविले; ते दाबले की मागचे एकच चाक अडे आणि गाडी वळणात अधिक सहज वळे. एका छायाचित्रकाराने चालक उतरून गेलेल्या गाडीत कॅमेरा धरला तेव्हा हे गुपित फुटले, आणि १९९८ च्या ब्राझील शर्यतीत प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारीवरून ते पेडल गेले. २०१० साली त्याच संघाने गाडीत हवेची एक नळी नेली. चालकाने गुडघ्याने तिचे छिद्र झाकले की हवा मागच्या पंखाकडे वळून त्याचा अडथळा कमी होई. हलता भाग निषिद्ध होता. पण चालकाचा गुडघा हा काही मोटारीचा भाग नव्हे! काही संघांचे चालक हेच काम हाताने करू लागले आणि भर वेगात एका हाताने गाडी चालवू लागले, तेव्हा पुढील वर्षासाठी ही युक्ती बंद झाली. २०२० मध्ये मर्सिडीजने स्टिअरिंग पुढेमागे ओढून पुढच्या चाकांचा कोन बदलण्याची सोय केली. रेड बुलने ऑस्ट्रियात तक्रार केली, पंचांनी ती फेटाळली, आणि २०२१ पासून नियमच बदलला. हे सारे चालकाच्या हाताने किंवा पायानेच होत होते, तरी बंद झाले. तेव्हा ‘हाताचे ते चांगले, विजेचे ते वाईट’ अशी सोपी वाटणी येथे लागू पडत नाही.

चालकाने गाडी एकट्याने व साहाय्यावाचून चालवावी, असे एक कलम फॉर्म्युला वनच्या नियमांत आहे. २०१६ साली त्याचा अर्थ कडक लावून रेडिओवरून चालकाला सूचना देण्यावर बंधन घालण्यात आले. बाकू येथे लुईस हॅमिल्टनच्या गाडीत इंजिनाची मांडणी चुकीची बसली. कोणते बटण फिरवावे हे संघाला ठाऊक असूनही सांगता येईना, आणि तो धावत्या गाडीत स्टिअरिंगवरील खुंट्या चाचपीत राहिला. सिल्व्हरस्टोनला निको रोझबर्गचा सातवा गिअर बिघडला. तो टाळण्याची सूचना दिली म्हणून त्याला दहा सेकंदांचा दंड होऊन तो दुसऱ्याचा तिसरा झाला. त्याच जुलैच्या अखेरीस जर्मनीच्या शर्यतीपासून बंधन बहुतांशी सैल करावे लागले. ज्या यंत्राची गुंतागुंत एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेली, त्याच्यासमोर माणसाला एकटे सोडणे म्हणजे कौशल्याची परीक्षा नव्हे. ती पाठांतराची परीक्षा झाली.

आमच्या बाजारहत्नूरच्या रस्त्यांवर शर्यतीची मोटार कोणी पाहिलेली नाही. पण सारथ्याचा प्रश्न येथे अपरिचित नाही. मराठी, तेलुगू आणि गोंडी एका बाजारात बोलणाऱ्या या मुलखाला बैल आणि कासरा ठाऊक आहे, आणि सीमेपलीकडे विदर्भात तळेगाव दशासरसारख्या गावांचा शंकरपट प्रसिद्ध आहे. छकड्यावरच्या धुरकऱ्याने बैलांना कसे धावते ठेवावे, हा वादही अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद झाल्या; महाराष्ट्राने २०१७ मध्ये १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली; डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मोकळी झाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. बैल सजीव आहे, मोटार निर्जीव. म्हणून तुलना फार ताणू नये. तेथे कायद्याची चिंता जनावराच्या वेदनेची आहे. परंतु पराणीच्या टोचणीने पळविलेली जोडी आणि आवाजावर व कासऱ्यावर पळणारी जोडी यांत सारथ्य कोणते, हे गावच्या पाटावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळते.

सार्वजनिक रस्त्याचा कायदा मात्र उलट दिशेने जातो. राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. आणि ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी जी एबीएस योजना फॉर्म्युला वनला १९९४ पासून निषिद्ध आहे, तीच १२५ सीसीवरील मोटरसायकलींना आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे. यात विसंगती नाही. रस्त्यावर माणसाची परीक्षा घ्यावयाची नसते. त्याला सुखरूप घरी पोहोचवावयाचे असते, आणि तेथे त्याच्या चुकीवर पांघरूण घालणारे प्रत्येक साधन स्वागतार्ह आहे. शर्यतीत मात्र तीच चूक मोजावयाची असते. कापसाची गाडी घेऊन रात्री इच्चोड्याच्या चढउतारावरून जाणाऱ्या चालकाला ‘साहाय्यावाचून’ चालविण्याचा मान नको असतो. त्याला चांगले ब्रेक हवे असतात.

२०२६ च्या नियमांनी पुढचे व मागचे दोन्ही पंख पुन्हा हलते केले आहेत. एकेकाळी जे पाप होते ते आता सर्वांसाठी समान विधी झाले. यापुढेही रेषा सरकत राहील. तिची जागा ठरविताना तार आहे की दांडी आहे हे पाहू नये. निर्णय केव्हा आणि कोण घेतो, ते पंचाला तपासता येते का, आणि चुकीचे उत्तर ज्याच्याकडून मागितले जाते त्याच्याच हाती तो निर्णय होता का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. ज्या नियमाला या तिन्हींची सरळ उत्तरे देता येतील तो टिकेल. बाकीचे एखाद्या गुडघ्यापुढे किंवा चार अदृश्य ओळींपुढे हार खातील.